सीलिॲकच्या तपासण्यांची वाट पाहताना: तारीख मिळाल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत

सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतडं झिजवणाऱ्या आजाराची, शंका आली आणि हॉस्पिटलातल्या तपासणीची तारीख दोन-तीन महिने पुढची मिळाली, की बरेच जण घरी येऊन सगळ्यात आधी गहू बंद करतात. ही घाई समजण्यासारखी आहे. पोट बिघडलेलं असतं, अंगात त्राण नसतं आणि दोष कशाचा याचा अंदाज आलेला असतो. पण नेमक्या याच पावलाने निदान बिघडतं. शेवटची तपासणी होईपर्यंत ग्लुटेन रोज पोटात जायला हवं. पुढे जे सांगितलं आहे ते बहुतेक याच गोष्टीला धरून आहे.

ग्लुटेन हे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन. सीलिॲक असलेल्या माणसाच्या शरीरात ते गेलं की रोगप्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना विलाय म्हणतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं रक्तात ओढून घेण्याचं काम त्यांचं. हल्ला चालू राहिला की ते झिजत जातात आणि शेवटी सपाट होतात. रक्ततपासणीत या हल्ल्यात तयार होणाऱ्या अँटिबॉडी मोजतात आणि बायॉप्सीत, म्हणजे आतड्याचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, झालेली झीज दिसते. ग्लुटेन थांबलं की अँटिबॉडी काही आठवड्यांत उतरू लागतात, विलायही सावकाश भरून येतात. आजार मात्र कुठेही गेलेला नसतो, तो पकडण्याची खूण तेवढी पुसली जाते.

गहू सोडल्यावर बरं वाटलं, म्हणजे सीलिॲकच असणार, असं धरून चालू नका. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात आणि ज्यांचं आतडं मुळात नाजूक आहे त्यांना त्यांनीच पोट फुगणं, कळा येणं असा त्रास होतो. अशा माणसाला आयुष्यभर कडक पथ्य लागत नाही. सीलिॲकवाल्याला मात्र लागतं, अगदी चिमूटभर ग्लुटेनही टाळावं लागतं. हा फरक अंदाजाने ठरत नाही, म्हणूनच तपासणीची वाट पाहणं भाग आहे.

रक्ततपासणीत काय मागायचं

पहिली तपासणी टीटीजी-आयजीए नावाच्या अँटिबॉडीची. तिच्यासोबत एकूण आयजीएचं (हा अँटिबॉडींचा एक प्रकार) प्रमाण मोजलेलं असायलाच हवं आणि नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं. सीलिॲक असलेल्यांपैकी साधारण 2 ते 3 टक्के लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं. त्यांची टीटीजी-आयजीए निगेटिव्ह येते, पण त्या निगेटिव्हला काही अर्थ नसतो. अशांची तपासणी आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीवरून करतात, म्हणजे टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी. तुमच्या रिपोर्टवर एकूण आयजीएचा आकडा दिसत नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ विचारा. दुसरी एक तपासणी ईएमए, तीही रक्तातल्या अँटिबॉडीचीच. टीटीजी किंचितच वाढलेली असेल तेव्हा खात्री करून घ्यायला ती कामी येते, कारण ती खोटी पॉझिटिव्ह क्वचितच येते.

या रक्तासाठी उपाशी राहावं लागत नाही. त्याच वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या करून घेता आल्या तर चांगलं. कमतरता सापडली तर तिच्यावरचे उपचार आताच सुरू करता येतात, बायॉप्सीसाठी थांबायचं कारण नाही. लोहाच्या गोळीने टीटीजीचा आकडा बदलत नाही.

प्रयोगशाळांत किंवा घरपोच मिळणाऱ्या, शंभरेक पदार्थांसाठी 'आयजीजी फूड पॅनेल' म्हणून विकल्या जाणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. त्यांतून सीलिॲकचं निदान होत नाही, उलट नको ते पदार्थ ताटातून जातात.

किती ग्लुटेन, किती दिवस

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे तपासणीआधी किमान 6 आठवडे, रोज, एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. ग्रॅममध्ये सांगायचं तर प्रौढांनी दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास खावं, असं आहारतज्ज्ञ सांगतात. नेहमीच्या आकाराच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये 2 ते 2.5 ग्रॅम ग्लुटेन धरा, म्हणजे दिवसाला साधारण चार स्लाइस. घरी पीठ वापरत असाल तर 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात ढोबळमानाने 8 ते 10 ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे रोज 100 ते 125 ग्रॅम पीठ पुरे. एकदा काट्यावर मोजून बघा. अंदाजाने घेतलेली वाटी कधी 80 ग्रॅमची निघते, कधी 150 ची.

कणीक, मैदा, रवा, पास्ता, बिस्किटं, सगळं या हिशेबात धरता येतं, कारण सगळं गव्हाचंच. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी यांत ग्लुटेन नाही. त्यांच्यावर दिवस काढला तर तो दिवस ग्लुटेनशिवायचा. ओट्सही या हिशेबात धरू नका. सोया सॉस किंवा सूप घट्ट करायला घातलेलं चमचाभर पीठ यांवरही विसंबू नका. पथ्य सुरू झाल्यावर हेच चमचाभर पीठ महागात पडतं, पण तपासणीसाठी ते फारच अपुरं. ज्यांचं ताट आधीपासूनच भाताभोवती फिरतं त्यांनी विशेष लक्ष द्यावं. त्यांनी गहू बंद केलेला नसतो, पण पोटात पुरेसा जातही नसतो आणि रिपोर्ट फसवा येतो.

रक्ततपासणी झाली म्हणून थांबायचं नाही. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, घरात 'गहू बंद' जाहीर झाला आणि दोन महिन्यांनी एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून नळी घालून केलेल्या तपासणीत, विलाय बऱ्यापैकी सुधारलेले दिसले, तर डॉक्टरांसमोर दोन रिपोर्ट दोन दिशांना तोंड करून उभे राहतात. मग पुन्हा ग्लुटेन सुरू करा, पुन्हा वाट पाहा.

ग्लुटेन आधीच बंद केलं असेल तर

चार-आठ दिवसांपूर्वीच बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना तारखांसह सांगा. बरेच महिने झाले असतील तर स्वतःहून एकदम भरपूर खाऊ नका. अशा वेळी एचएलए-डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय तपासणी उपयोगी ठरते, कारण जनुकं आहाराने बदलत नाहीत. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ नाहीच असं समजतात आणि पुढची सगळी यातायात वाचते. असतील तर मात्र एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. साधारण 30 ते 40 टक्के लोकांत ही जनुकं असतात, आजार मात्र शंभरातल्या एखाद्यालाच होतो.

जनुकं असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ग्लुटेन पुन्हा सुरू करतात, याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात. ज्यांना 10 ग्रॅम झेपत नाही त्यांच्यासाठी रोज किमान 3 ग्रॅमचा पर्याय वापरला जातो. दोन आठवडे घ्यायचं आणि सोसत असेल तर आठ आठवड्यांपर्यंत न्यायचं. मुदत जितकी लांबते तितका निकाल भरवशाचा होतो. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येताना उंची झपाट्याने वाढत असते त्या काळात चॅलेंज शक्यतो टाळतात. गरोदरपणातही हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

एक इशारा. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांध्या उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं असं कधी झालं असेल, तर ती गव्हाची ॲलर्जी असू शकते. ती वेगळी बाब आहे आणि जिवावर बेतू शकते. या लेखातला खाण्याचा कोणताही सल्ला अशा माणसासाठी नाही.

त्रास होत असताना खायचं कसं

आपल्याला बाधतं हे माहीत असलेलं अन्न रोज तोंडात घालणं सोपं नाही. घरच्यांना वाटतं, औषध आहे असं समजून खाऊन टाकावं. प्रत्यक्षात मात्र माणूस जेवणालाच घाबरायला लागतो. म्हणून थोडं डोकं लावून खा.

चार स्लाइस एका बैठकीत खाऊ नका. दोन-तीन जेवणांत वाटून घ्या आणि रिकाम्या पोटी न घेता इतर अन्नासोबत घ्या. दिवसा कामात त्रास नको असेल तर मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवा. बाकीचा आहार हलका ठेवायला हरकत नाही. कांदा, लसूण, कडधान्यं यांनी वायू वाढत असेल तर ती कमी करा, तपासणीवर परिणाम होत नाही. दुधाचंही तसंच. झिजलेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, त्यामुळे दूध प्यायल्यावर होणारे जुलाब पुष्कळदा गव्हाच्या नावावर खपतात. दोन आठवडे साधं दूध बंद करून, किंवा लॅक्टोज नसलेलं दूध घेऊन पाहा. जुलाब लागले असतील तर पाणी आणि क्षारजल म्हणजे ओआरएस चालू ठेवा. बद्धकोष्ठ असेल तर पाणी वाढवा. सीलिॲकमध्ये जुलाबच होतात असं नाही, मलावरोधानेही अनेकांची सुरुवात होते.

त्रास खरोखरच असह्य झाला तर गुपचूप बंद करू नका. हॉस्पिटलला फोन करा, तारीख अलीकडे आणता येईल का ते विचारा. रक्तात अँटिबॉडी ठळक वाढलेल्या असतील तर डॉक्टर कधी कधी बायॉप्सी लवकर घेतात. अचानक कुणी तारीख रद्द केली तर त्या जागी बोलावण्याच्या यादीत नाव घालायला सांगा. असा फोन एक-दोन दिवस आधी येतो, तेव्हा सोबत येणारं माणूस आधीच ठरवलेलं बरं.

काही लक्षणं असतील तर तारखेची वाट पाहायचीच नाही: शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, लघवी जवळजवळ बंद होणं, चक्कर येऊन पडणं, हात-पाय मुडपून येणारे गोळे, पोटात तीव्र न थांबणारी कळ. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, पण चिकट, दुर्गंधीयुक्त काळी शी दिसली तर गोळीवर ढकलू नका. वजन दर आठवड्याला उतरत असेल किंवा लहान मूल वाढीच्या आलेखावर खाली घसरत असेल, तरीही डॉक्टरांना तसं लगेच कळवा.

या दिवसांत लिहून काय ठेवायचं

एक साधी वही घ्या आणि रोज दोन ओळी लिहा. ग्लुटेन कोणत्या जेवणात आणि किती, शौचास किती वेळा आणि कशी, पोट, थकवा, तोंडातले फोड. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. पानभर लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडते. डॉक्टरांना या वहीतून दोन गोष्टी हव्या असतात: पुरेसं ग्लुटेन गेलं होतं का, आणि त्रासाला काही ठरावीक क्रम आहे का.

औषधांची यादी वेगळी करा. त्यात ऑल्मेसार्टन हे रक्तदाबाचं औषध असेल तर मुद्दाम सांगा, कारण क्वचित काही लोकांत त्याने विलाय अगदी सीलिॲकसारखेच झिजतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही अस्तरात बदल दिसू शकतात. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आजाराच्या खुणा झाकल्या जाऊ शकतात. कोणतंही औषध स्वतःहून थांबवायचं नाही, फक्त सांगायचं.

घरात आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला सीलिॲक, टाइप-1 मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून (रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारा) आजार असेल तर तेही लिहा. कोपरे, गुडघे किंवा ढुंगणावर खूप खाजणारे बारीक फोड येत असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा. तो सीलिॲकचाच त्वचेवरचा प्रकार असू शकतो आणि त्याचं निदान त्वचेच्या बायॉप्सीने होतं. ही बायॉप्सी फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घेतात.

एंडोस्कोपीचा दिवस

सर्वसाधारणपणे 6 तास आधी घन आहार बंद आणि 2 तास आधी पाणीही बंद. तुमच्या हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आणि सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं यांबद्दल आठवडाभर आधीच विचारून घ्या. सेमाग्लुटाइडने जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं. त्या दिवशी सकाळी टेबलावर झोपल्यावर ही गोष्ट निघाली तर तपासणी पुढे ढकलली जाते.

घशात सुन्न करणारा फवारा घ्यायचा की गुंगीचं इंजेक्शन, हे बहुधा तुम्हाला विचारतात. फवाऱ्यावर भागलं तर थोड्या वेळाने स्वतः घरी जाता येतं. घसा सुन्न असेपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, खायचं-प्यायचं नाही, कारण ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. गुंगी घेतली तर घरी न्यायला माणूस लागतंच, आणि पुढचे 24 तास गाडी चालवणं, यंत्रावर काम, महत्त्वाच्या कागदांवर सही हे सगळं बंद. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी भूल देतात.

कवळी आणि चष्मा काढून ठेवायला सांगतात, दातांत तोंड उघडं ठेवणारी प्लॅस्टिकची कडी देतात, डाव्या कुशीवर झोपवतात. नळी करंगळीएवढी, सुमारे 9-10 मिलिमीटर जाडीची. ती घशातून उतरताना ओकारी येते, तो क्षण सगळ्यात नकोसा. त्या वेळी गिळण्याची धडपड न करता लाळ तोंडाच्या कडेने वाहू द्या आणि नाकाने लांब श्वास घ्या. श्वासाची वाट मोकळीच असते. पुढे जठरातून नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचते आणि आतून बारीक चिमटा घालून दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे काढतात. ते काढताना दुखत नाही, फार तर हलका ओढा जाणवतो. सगळं मिळून 5 ते 15 मिनिटं.

तुकडे किती घेतले हे महत्त्वाचं. सीलिॲकची झीज ठिगळाठिगळाने असते, एक जागा चांगली आणि बोटभर पुढची झिजलेली. म्हणून आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि त्यापुढच्या भागातून किमान चार तुकडे घ्यावेत अशी शिफारस आहे. नळी आत जाण्याआधीच नम्रपणे विचारा: 'सीलिॲकसाठी तुकडे घेणार आहात ना, दोन्ही ठिकाणचे?' ॲसिडिटीसाठीची एंडोस्कोपी समजून 'सगळं नॉर्मल दिसतंय' म्हणत तुकडे न घेताच नळी बाहेर काढल्याची उदाहरणं घडतात. डोळ्यांना अस्तर नॉर्मल दिसलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते झिजलेलं निघू शकतं.

नंतर दिवसभर घसा खवखवतो, आत सोडलेल्या हवेमुळे पोट फुगतं, एवढं चालायचंच. रक्ताची उलटी, काळी शी, छातीत-पोटात वाढत जाणारं दुखणं किंवा ताप आला तर तडक हॉस्पिटल गाठा.

सगळ्यांनाच बायॉप्सी लागते असं नाही. मुलांमध्ये टीटीजी-आयजीए नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या 10 पट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमएही पॉझिटिव्ह असेल, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020 च्या नियमांप्रमाणे बायॉप्सीशिवाय निदान करता येतं. काही देशांत निवडक प्रौढांसाठीही असंच करतात. आपला आकडा मर्यादेच्या किती पट आहे ते काढा आणि हा पर्याय आपल्याला लागू आहे का, हे विचारा.

बायॉप्सी झाली, आता बंद?

हे घरी येऊन ठरवू नका, निघण्यापूर्वी विचारा. रक्ताचा रिपोर्ट ठळक पॉझिटिव्ह असेल आणि तुकडे पुरेसे मिळाले असतील तर बरेच डॉक्टर लगेच पथ्य सुरू करू देतात. चित्र अर्धवट असेल तर रिपोर्ट येईपर्यंत खात राहिलेलं शहाणपणाचं, कारण नमुना अपुरा निघाला तर पुन्हा बायॉप्सी करावी लागते.

रिपोर्टवर 'मार्श' आणि एक आकडा असतो, ती अस्तराच्या झिजेची श्रेणी. मार्श 1 म्हणजे अस्तरात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, एवढंच. जठरातल्या एच. पायलोरी जंतूने किंवा वेदनाशामकांनीही हे होतं, त्यामुळे एकट्या मार्श 1 वर आयुष्यभराचं पथ्य लादू नये. मार्श 2 मध्ये विलायांच्या तळच्या खाचा खोल होतात. मार्श 3 म्हणजे विलाय झिजलेले, 3ए मध्ये थोडे, 3बी मध्ये बरेच, 3सी मध्ये पूर्ण सपाट. रक्त पॉझिटिव्ह आणि मार्श 3 असेल तर निदान पक्कं. मग पथ्याचं शिक्षण आहारतज्ज्ञाकडून घ्या, आणि आई-वडील, भावंडं, मुलांची रक्ततपासणी करा. त्यांच्यात आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, लक्षणं नसली तरी.

बायॉप्सी मार्श 3 पण अँटिबॉडी निगेटिव्ह, असं आलं तर जिआर्डियासारखे जंतुसंसर्ग, औषधं, इतर आतड्याचे आजार यांचा शोध घ्यावा लागतो आणि इथे एचएलए तपासणी पुन्हा कामाला येते. दोन्ही निगेटिव्ह आले, आणि वहीत सहा आठवडे नीट ग्लुटेन गेल्याची नोंद आहे, तर त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवता येतो. पण त्रास खरा आहे, तेव्हा डॉक्टरांना पुढचं विचारा: लॅक्टोजची तपासणी, थायरॉइड, शौचातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी तपासणी), आयबीएस म्हणजे नाजूक आतड्याचा त्रास. रक्त पॉझिटिव्ह पण बायॉप्सी नॉर्मल असेल तर सुट्टी देऊ नका त्या विषयाला. तुकडे दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेणं आणि ग्लुटेन खात राहून टीटीजी व गरज पडल्यास बायॉप्सी पुन्हा करणं, हा रस्ता असतो. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, हे रिपोर्टच्या पाठीवर लिहून घेऊनच बाहेर पडा.